नमुन्यातला तिटकारा

माणसाला कशाचा गर्व होईल याचा नेम नसतो. कोणाला बैलजोडीचा होतो, कोणाला पोराच्या नोकरीचा. आंजी मोठी या गावच्या रूपरावांना एका वाक्याचा गर्व होता. ते वाक्य त्यांनी स्वतः घडवलं होतं आणि ते असं होतं: ‘तुमच्या सदरहू वागणुकीमुळे माझ्या अशिलाच्या मनात तुमच्याविषयी कमालीचा तिटकारा उत्पन्न झालेला आहे.’

रूपरावांचं घर भाजीपाला पिकवणाऱ्यांचं. धाकटा भाऊ तानबा वांगी-मेथी-कोथिंबीर काढून वर्ध्याच्या बाजारात पोचवायचा. रूपराव मात्र मॅट्रिक झाले, मराठी टायपिंगची परीक्षा पास झाले आणि विळा-खुरप्यातून सुटले. वर्ध्याला कोर्टासमोरच्या कडुनिंबाखाली त्यांनी टेबल टाकलं, त्यावर टाइपरायटर ठेवला, आणि सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळच्या एसटीने यायचं असा नेम धरला. लोक त्यांना अर्जवाले म्हणत. गावात कोणाचाही कागद आला की आधी त्यांच्याकडे यायचा. सरपंचसुद्धा सही करण्याआधी विचारायचा, ‘रूपरावभाऊ, यात काही फसगत तं नाई ना?’ अशी विचारपूस झाली की रूपराव चष्मा पुसत बसायचे. चष्मा स्वच्छच असायचा.

आता ते वाक्य कसं जन्मलं ते सांगतो. नवरा-बायकोच्या भांडणाची एक नोटीस त्यांनी टाइप करून दिली होती. त्यात लिहिलं होतं, ‘उभयतांचे पटत नाही.’ वकिलाने कागद परत फेकला. म्हणाला, ‘पटत तर साडूंचंही नसतं, रूपराव. कायद्याच्या कानाला हळू बोललेलं ऐकू येत नाही. शब्द भारी पाहिजे.’

रूपराव त्या दिवशी एसटीत उभ्याने आले, बसायला जागा असूनही. डोक्यात शब्दांची पारख चालली होती. पुढे कितीतरी वर्षं, समोरच्याने चहा पाजला की ते ही पारख ऐकवत.

‘पाहा,’ ते म्हणत, ‘नावड भाजीची असते. कंटाया झोपून उठलं की जाते. वीट म्हनजे रोज वांगे. आठ दिवस बंद ठेवा, नवव्या दिवशी तेच वांगे आंगठा चाटत खाता. चीड गरम असते, म्हनूनच थंडी होते. किळस येते ते वस्तूची, अळीची, जखमेची. ते चीज उचलून फेकली का किळस गेली. द्वेष कराले समोरचा मानूस बरोबरीचा लागते. अन् तिटकारा? त्याच्यात राग नाई, भांडन नाई, काईच नाई. तोंड फिरवलं तं फिरवलं. समोरचा मानूस मेला तरी हे मान वळत नाई.’

ऐकणारा मान डोलवायचा. रूपरावांना वाटायचं, शब्द असा पाहिजे.

मग ते सगळ्यांना तिटकारा लावू लागले. कोणी म्हणे, बायको माहेराहून लवकर येत नाही. तिटकारा. कोणी म्हणे, माझ्या मायला उलटून बोलते. तिटकारा. पुलगावकडचा एकजण टेबलाशी उकिडवा बसून म्हणाला, ‘साहेब, तसं काई नाई, पन ते हसते लई.’ रूपरावांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मशीनवर बोटं चालवली. त्याच्या मनातही कमालीचा तिटकारा उत्पन्न झाला. त्याला स्वतःला ते घरी गेल्यावर कोणीतरी वाचून दाखवलं तेव्हा कळलं असेल.

यात रूपरावांना पाप वाटत नसे, आणि त्याला कारण होतं. त्या भागात नोटीस ही धाक दाखवायची चीज. ती गावात पोचली की चारचौघांत कोणीतरी वाचायचं, सासरा डोकं खाजवायचा, आणि आठ दिवसांत पोरगी सासरी जाऊन पोचायची. ज्या बाईला ती यायची तिला अक्षर येत नसे. आलं तरी हा शब्द तिच्या ओळखीचा नसे. खेड्यातली बाई फार तर ‘घिन’ म्हणते. वाचणारा अडखळत ‘तिटकारा’ म्हणायचा, बाकीचे ‘म्हनजे बोलावून राह्यले’ एवढाच अर्थ काढायचे. शब्द हवेतच विरून जायचा. नवरा-बायको पुन्हा नांदू लागले की पेढे घेऊन रूपरावांकडे यायचे. एवढा भारी शब्द कोणाला लागतो, यावर त्यांचा विश्वासच उरला नव्हता.

काम वाढलं तसे त्यांनी नमुने केले. एक नांदवण्याची नोटीस, दुसरी सोडण्याची. स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइलवर गठ्ठेच्या गठ्ठे काढले. नाव-गाव-तारखेला रिकामी जागा. कष्ट वाचावेत म्हणून मधला परिच्छेद दोन्हींत एकच ठेवला. त्यामुळे नांदवण्याच्या नोटिशीत मजा झाली होती. वर लिहिलेलं की माझ्या अशिलाला तुमचा कमालीचा तिटकारा आहे, आणि खाली लिहिलेलं की तरी पंधरा दिवसांत नांदावयास यावे. हे कोणाच्या लक्षात आलं नाही. वकिलांना घाई असते आणि नमुना कोण वाचतो?

एक दिवस हिंगणघाटच्या एका वकिलाचा मुन्शी येऊन गठ्ठा घेऊन गेला. रूपराव घरी येऊन बायकोला, शकुंतलाबाईला म्हणाले, ‘आपला नमुना हिंगणघाटले गेला.’

शकुंतलाबाई चुलीपाशी होती. ‘कागद गेला ना?’ ती म्हणाली. ‘तुमी हातपाय धुवा.’

रूपरावांना एकच लेक, ज्योत्स्ना. शब्दांची आवड तिने बापाची उचलली होती. सातवीत असताना बाईंनी ‘वाक्यात उपयोग करा’ म्हणून दहा शब्द दिले, त्यात तिटकारा होता. पोरीने विचारलं आणि रूपरावांना काय सांगू नि काय नको असं झालं. त्यांनी तिला अख्खी पारख ऐकवली, नावडीपासून सुरू करून. मग वाक्य सांगितलं, ‘प्रामाणिक माणसाला लबाडीचा तिटकारा असतो.’ बाईंनी त्यावर ‘छान’ असा शेरा दिला. ती वही रूपरावांनी दोन-चार जणांना दाखवलीही. आंजीत त्या शब्दाचा अर्थ नीट समजलेली एकच पोरगी होती आणि तिला तो बापाने शिकवला होता.

त्र्याण्णव साली ज्योत्स्नाचं लग्न झालं. अल्लीपूरला दिलं. गजेंद्र हा जावई, किराण्याच्या दुकानातला, कमी बोलणारा, गिऱ्हाईक गेल्यावर गल्ल्याला नमस्कार करणारा. सासू कौशल्याबाई तोंडाने तिखट, पण सुनेला दुपारी निजू द्यायची. तीन वर्षं संसार चारचौघांसारखा चालला. ज्योत्स्ना माहेरी आली की गजेंद्रच्या गोष्टी आईला सांगायची. तो पोत्यावर बसून हिशेबाच्या कागदावर तिच्यासाठी चित्रं काढतो, एकदा त्याने वांग्याला मिशा काढल्या होत्या, अशा. रूपराव पलीकडे बसून न ऐकल्यासारखं करत.

शहाण्णव साली ती चुलतभावांना राखी बांधायला म्हणून आली आणि काविळीने आडवी झाली. डोळे पिवळेधमक, अन्न समोर धरवेना. महिना गेला, पोळा गेला. अल्लीपूरला निरोप पाठवला होता, तिकडे जाणाऱ्या एका भाजीच्या गाडीवाल्याजवळ. तो वाटेत विसरला. जगाचे कागद लिहिणाऱ्या माणसाला दोन ओळींचं कार्ड टाकणं सुचलं नाही. घरातल्या गोष्टीला कागद कशाला, असं त्यांना वाटलं असेल. तिकडे कौशल्याबाईची समजूत झाली की सून मुद्दाम राहिली. दुकानात सणाची गर्दी, घरात एकटी म्हातारी. ती लेकाला म्हणाली, ‘एक नोटीस धाड. आपोआप येते.’ गजेंद्र हिंगणघाटला गेला.

पोस्टमन दुपारी आला तेव्हा रूपराव वर्ध्याला होते. ज्योत्स्नाने सही केली, पाकीट फोडलं आणि स्वतःच वाचलं.

संध्याकाळी रूपराव घरी आले तेव्हा ती ओट्यावर सुपात वालाच्या शेंगा घेऊन बसली होती. शेंगा तशाच होत्या. कागद तिच्या मांडीवर होता. रूपरावांनी तो हातात घ्यायच्या आधीच, उभ्या उभ्याच ओळखला. मधला परिच्छेद, त्यातली डावीकडे सोडलेली जागा, ‘कमालीचा’ नंतर मुद्दाम ओळ मोडलेली. रिकाम्या जागेत निळ्या शाईने भरलं होतं: सौ. ज्योत्स्ना गजेंद्र.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘त्यायले माया तिटकारा आला म्हनते.’

रूपरावांनी चप्पल काढली नव्हती. ती काढायला ते खाली वाकले आणि जरा वेळ वाकलेलेच राहिले.

‘घिन म्हनतली असती तं मी समजलो असतो, मानूस रागात म्हनते,’ ती म्हणाली. तिकडच्या बायका स्वतःबद्दलही ‘समजलो’, ‘गेलो’ असंच बोलतात, तशीच ती बोलायची. ‘पन हा शब्द तं रागातबी येत नाई तोंडात. तुमीच सांगतलतं. इचार करूनच लिहिला असन ना त्यायनं?’

आतून शकुंतलाबाई बाहेर आली. तिला शब्दाशी देणंघेणं नव्हतं. ती म्हणाली, ‘खाली काय लिहेल हाये? पंधरा दिवसांत या म्हनते ना? चाला मंग. लुगडं-चोळी घेऊ अन् नेऊन देऊ पोरीले. बीमार होती म्हनून सांगू.’

तिकडची रीत अशी की, माहेरी आलेली लेक एकटी सासरी जात नाही. तिकडून कोणी घ्यायला यावं लागतं, नाहीतर इकडून बापाने नाहीतर भावाने लुगडं-चोळी घेऊन पोचवावं लागतं. आपली आपण गेली तर हाकललेली परत आली असं होतं. म्हणजे आता सगळं रूपरावांच्या पायावर होतं. ते निघाले असते की काम झालं असतं.

‘बाबा,’ ज्योत्स्नाने सरळ विचारलं, ‘त्यायनं खरंच असं सांगतलं असन का? तुमाले या कागदाचं समजते.’

या प्रश्नाला सोपं उत्तर होतं. बेटा, हे वाक्य तुझ्या नवऱ्याचं नाही, तुझ्या बापाचं आहे. हसणाऱ्या बाईलाही मी हेच लावलं होतं. एवढं बोलले असते तर पोरगी आधी रडली असती, मग हसलीही असती, आणि दुसऱ्या दिवशी दोघं एसटीत बसले असते. पण आपण घडवलेलं वाक्य आपल्याच ओट्यावर, आपल्याच लेकीच्या मांडीवर पाहून रूपरावांना इतकी लाज वाटली की जीभच उचलेना. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

‘कोर्टाचा कागद हाये,’ ते म्हणाले. ‘असं लिहावं लागते.’

‘म्हनजे सांगतलंच असन,’ ती म्हणाली आणि शेंगा सोलू लागली.

अकराव्या दिवशी गजेंद्र स्वतः वर्ध्याला आला. कडुनिंबाखाली येऊन टेबलासमोरच्या बाकावर बसला, गिऱ्हाईकासारखा. सासऱ्याच्या पाया पडला.

‘मामाजी,’ तो म्हणाला, ‘ते बीमार होती हे मले कालच समजलं. मी तसं काई म्हनलंच नोतं. मी वकिलाले एवढंच सांगतलं का बायको माहेरी हाये, येत नाई, धाडून द्या म्हना. बाकी मजकूर त्याच्याजवळ छापेलच होता. तो म्हने, वर्ध्याच्या कोन्या अर्जवाल्याचा नमुना हाये, लई चालते.’

रूपरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला. गजेंद्रच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तो अर्जवाला कोण हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

‘मी आत्ता येतो तुमच्यासंगं आंजीले,’ तो म्हणाला. ‘तिले तोंडानं सांगतो अन् घेऊन जातो.’

आता पाहा, माणसाची बुद्धी कुठे फिरते. जावई घरी येऊन हात जोडायला तयार आहे, पोरगी घरी डोळे लावून बसली आहे, आणि रूपरावांच्या मनात काय आलं? हा घरी आला तर छापील नमुन्याचं बोलेल, वर्ध्याच्या अर्जवाल्याचं बोलेल. ज्योत्स्ना हुशार आहे. ती एका क्षणात माझ्याकडे पाहील.

‘असं नाई चालत, गजेंद्रराव,’ ते म्हणाले. आवाज टेबलावरचा काढला. ‘कागदावरचं कागदानंच जाते. आधी माफीनामा लिहून आना. ते शब्द मागे घेतो म्हनून. मंग पोरीले पाठवतो.’

‘लिहून कायले? मी तोंडानं सांगून राह्यलो ना, मामाजी.’

‘तोंडाचं कोन मानते?’

गजेंद्र बाकावरून उठला. पुन्हा पाया पडला आणि हिंगणघाटच्या बसकडे गेला. घरी कौशल्याबाईने माफीनाम्याचं ऐकून कपाळाला हात लावला. तिला कागदाची भीती, आणि ती खोटी नव्हती. एकदा लेकाने लिहून दिलं तर जन्मभर तो कागद सुनेच्या पदराला बांधलेला राहील, असं तिचं म्हणणं. गजेंद्र आईच्या शब्दाबाहेर गेला नाही. पंधरा दिवस संपले.

गजेंद्र आला होता हे रूपरावांनी घरी सांगितलं नाही. उलट आपण बापाचं कर्तव्य करतो आहोत असं स्वतःला पटवायला त्यांनी नोटिशीला उत्तर तयार केलं. त्यांच्या हातून उतरलेल्या कागदांत तो सगळ्यात देखणा असेल. एक खाडाखोड नाही. त्यात सवयीने, बोटांना वळणच पडलं होतं म्हणून, लेकीच्या वतीनेही तेच वाक्य येऊन बसलं. ज्योत्स्नाने न वाचता सही केली. तो कागद अल्लीपूरला पोचला, दुकानात गिऱ्हाईकांसमोर उघडला गेला, आणि त्यानंतर गजेंद्र पुन्हा आला नाही. कागदी घोडे नाचवणाऱ्याच्या घरात घोडे शिरले ते असे.

त्या दिवाळीला ज्योत्स्नाने घर झाडलं. बापाची लोखंडी पेटीही तिने आवरली. कागदांचे वेगवेगळे गठ्ठे करून सुतळीने बांधले. रूपराव परत येऊन पाहतात तो पेटी अशी लख्ख की त्यांनी शाबासकी दिली. ती झाडू घेऊन पुढच्या खोलीत गेली. त्यानंतर मात्र तिला एक सवय लागली. जेवताना ती घास थांबवून बापाकडे पाहायची. काही विचारायची नाही, नुसती पाहायची. रूपराव ताटात पाहत. असं वर्षभर चाललं असेल. पुढच्या दिवाळीपर्यंत तिची ती सवय सुटली आणि रूपरावांना हलकं वाटलं.

अठ्ठ्याण्णव साली कोर्टाने दोघांना मोकळं केलं. पुढच्या वर्षी तानबा बाजारातून बातमी घेऊन आला की गजेंद्रने दुसरं केलं, पोरगी समुद्रपूरकडची आहे. शकुंतलाबाई त्या दिवशी नवऱ्याला म्हणाली, ‘मी म्हनत होतो, नेऊन देऊ.’ त्यापुढे तीन वर्षं ती जगली आणि हे वाक्य पुन्हा कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं रूपरावांना वाटे.

ज्योत्स्नासाठी एक-दोन स्थळं आली. बिजवर, पोरंबाळं असलेली. ती नको म्हणाली. वर्ध्याला जाऊन कॉम्प्युटर शिकली. दोन हजार तीनच्या सुमारास कोर्टासमोर, कडुनिंबापासून वीस पावलांवर, टायपिंग आणि झेरॉक्सचं एक दुकान झालं आणि तिला तिथे काम मिळालं. झालं, वकील सगळे तिकडे वळले. टाइपरायटरवर चूक झाली तर पान बदलावं लागतं. इथे चूक दिसतच नाही. रूपरावांच्या टेबलावर मेणकापड पडून राहू लागलं. शेवटी त्यांनी टेबल उचललं, पण एसटीचा नेम सुटला नाही. लेकीबरोबर यायचं आणि तिच्या दुकानातल्या बाकावर बसून राहायचं. दुपारी ती डबा उघडून दोन पोळ्या त्यांना द्यायची. चांगली वागायची. पाणी विचारायची, गोळी घेतली का विचारायची. एखादी नर्स विचारेल तसं.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारचे बारा वाजले असतील. सेलूकडचा एक तरुण माणूस वकिलाची चिठ्ठी घेऊन आला. ज्योत्स्नाने वर न पाहता विचारलं, ‘नांदवाची का सोडाची?’

‘नांदवाची,’ तो म्हणाला. ‘रुसून गेली हाये. बाकी काई नाई.’

तिने दोन कळा दाबल्या. पडद्यावर अख्खा मजकूर एकदम उमटला, कोणी न लिहिता. रूपराव बाकावरून पाहत होते. मधला परिच्छेद त्यांना लांबूनही वाचता आला. वाचायची गरजही नव्हती.

‘पाच मिनटं लागतीन,’ ज्योत्स्ना त्या माणसाला म्हणाली. तो चहा प्यायला बाहेर गेला. दुकानात दोघंच उरले.

‘ज्योत्स्ना,’ रूपराव म्हणाले, ‘ते वाक्य काढून टाक.’

‘कोनतं?’

‘मधातलं.’

‘वकिलाले तेच लागते.’

‘काढून टाक, बेटा.’ रूपरावांच्या हातात पोळीचा तुकडा होता, तो त्यांनी डब्यात परत ठेवला. दहा वर्षं दाबून ठेवलेलं आता आपोआप वर आलं. वरातीमागून घोडं कसलं, वरात जाऊन मांडवाचे बांबूही कुजले होते. पण माणसाला बोलायची वेळ हाती असते तेव्हा तो बोलत नाही. ‘ते वाक्य मायं हाये. मी केलतं. तुया नोटिशीत होतं तेबी मायंच होतं. गजेंद्ररावाचं नोतं.’

ज्योत्स्नाने पडद्यावरून नजर काढली नाही.

‘मालूम हाये,’ ती म्हणाली.

रूपरावांना नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. ‘कवापासून?’

‘त्या दिवाळीपासून. पेटी आवरली तवा. तुमच्या हातचा कच्चा कागद होता, अन् कोऱ्या नमुन्यांचा गठ्ठा. मीच बांधून ठेवला सुतळीनं.’

‘मंग बोलली काऊन नाई?’

‘तुमी सांगान म्हनून वाट पाह्यली,’ ती म्हणाली. आवाज चढला नाही, उतरलाही नाही. ‘मी म्हनलं, मी तोंडावर काढलं तं बाबाची लाज जाईन. बाबा स्वतः सांगतीन. अन् सांगतलं का घेऊन जातीन मले. वर्षभर पाह्यली वाट. रोज जेवताना.’

रूपरावांना ती ताटं आठवली. आपण ज्यांत पाहत होतो ती. आता काहीतरी द्यायला हवं, सगळंच द्यायला हवं, अशा घाईने ते बोलून गेले, ‘गजेंद्रराव आलते. अकराव्या दिवशी. मायापाशी आलते, त्या झाडाखाली. तुले घ्याले येतो म्हने. मीच नाई म्हनलं. माफीनामा मागतला.’

ज्योत्स्नाचे हात कळांवरून खाली आले. हे तिला माहीत नव्हतं. ती पडद्याकडेच पाहत होती, पण वाचत नव्हती. बाहेर कोणीतरी झेरॉक्स आहे का म्हणून विचारलं. तिने मानेने नाही म्हटलं, मशीन चालू असूनही.

‘आलते?’ तिने विचारलं.

‘हो.’

‘काय म्हनत होते?’

‘तोंडानं सांगतो म्हने तिले. तसं काई म्हनलंच नोतं म्हने.’

तिने पदराने तोंड पुसलं. रडली नाही. रूपरावांना वाटलं, ती रडली असती, ओरडली असती, डबा भिरकावला असता, तर बरं झालं असतं. चीड गरम असते, म्हणून थंड होते. हे त्यांचंच म्हणणं होतं. त्यांनी धीर केला. जो शब्द त्यांनी हजारोंच्या नावावर न विचारता चढवला तोच आता त्यांना विचारायचा होता.

‘तुले माया...’ ते म्हणाले आणि थांबले. ‘तुले माया तो...’

ज्योत्स्नाने पहिल्यांदा वळून त्यांच्याकडे पाहिलं. तिला प्रश्न समजला होता. तिने तो टाळला नाही, थोडा विचार केला, शाळेत वाक्य करायच्या आधी करायची तसा.

‘नाई बाबा,’ ती म्हणाली. ‘तेवढंबी नाई राह्यलं.’

मग तिने डबा त्यांच्याकडे सरकवला. ‘पोई खाऊन घ्या. गोई घ्याची हाये तुमाले.’

तो सेलूचा माणूस तोंड पुसत आत आला. ‘झाली का, ताई?’

‘होऊन राह्यली,’ ज्योत्स्ना म्हणाली. हात पुन्हा कळांवर ठेवले. ‘बायकोचं नाव सांगा.’

त्याने नाव सांगितलं, खुशी म्हणून. ज्योत्स्नाने ते रिकाम्या जागेत भरलं.